कडूबाचा हुंकार

दुसरबीडच्या शिवारात कडूबाइतका मन लावून ऐकणारा माणूस दुसरा नाही, असं अख्खा गाव म्हणायचा, आणि अख्खा गाव साफ चुकत होता.

कडूबाचा भाजीचा मळा मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होता. वांगी, मेथी, गवार, हंगामात थोडा कांदा. रस्त्यानं जाणारा माणूस विडी पेटवायला म्हणून मळ्यात शिरायचा आणि बांधावर बूड टेकलं की आपलं गाऱ्हाणं काढायचा. कोणाची सून माहेरीच बसली, कोणाच्या भावानं शेताचा धुरा कोरून कोरून हातभर जमीन खाल्ली, कोणाचा बैल ऐन पेरणीत बसला. कडूबा खुरपं चालवत मधूनमधून 'हं' म्हणायचा. पण काय तो हं! सांगणाऱ्याचा आवाज दाटला की कडूबाचा हं लांबायचा, सांगणारा तापला की हं आखूड आणि कडक व्हायचा. माणूस उठताना डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "कडूबा, तुयाजवळ बोललं की बरं वाटते गड्या."

महाराष्ट्राचं राज्य नवंनवं होतं तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक आली. वामनराव आणि शेषराव हे दोन उमेदवार एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. तरी दोघंही, वेगवेगळ्या दिवशी, आपापले सगळे डाव कडूबाला सांगून गेले. दोघांचाही डाव फुटला नाही. "कडूबा म्हणजे पक्का माणूस, त्याच्या पोटातलं बाहेर येत नाही," असं पुढं दोघंही म्हणाले. आता खरं सांगायचं तर बाहेर यायला पोटात काही गेलंच नव्हतं. वामनराव बोलत होते तेव्हा कडूबा वांग्यावरच्या अळीचा विचार करत होता, आणि शेषराव बोलत होते तेव्हाही अळी तीच होती.

हे बिंग त्याच्या बायकोला, वच्छलेला, पुरतं ठाऊक होतं. लग्न होऊन आठ दिवस झाले नव्हते तेव्हाच तिनं नवऱ्याची परीक्षा घेतली. भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, कोठ्यातली गाय उडून गेली." कडूबा म्हणाला, "हं." वच्छला म्हणाली, "जाताना तुमचा पटका घेऊन गेली." कडूबानं सुस्कारा सोडून जास्तच काळजीचा हं म्हटला. त्या दिवसापासून वच्छलेनं कामाची गोष्ट सांगायची झाली तर आधी त्याच्या पाठीत चिमटा काढायचा आणि मग बोलायचं, असा नेम ठेवला.

ही विद्या कडूबाला त्याच्या आईनं दिली होती, म्हणजे झुंबरबाईनं. आणि दिली होती देवाच्या नावानं.

झुंबरबाईला कडूबाच्या आधी दोन लेकरं झाली. दोन्ही पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा त्याला कोणाची नजर लागू नये म्हणून नाव ठेवलं कडू, आणि तो जगावा म्हणून आयतवार धरला. आयतवार म्हणजे रविवारचा, सूर्यनारायणाचा उपास. एका श्रावणापुरता नाही, बारमाही आणि जन्मभर. सकाळी अंघोळ करून अंगणात उन्हाकडे तोंड करायचं, सूर्याला पाणी द्यायचं, मग कहाणी सांगायची आणि मगच अन्नाला शिवायचं. कहाणी तिला तिच्या आईनं दिलेली, तिच्या आईला तिच्या आईनं. कुठं छापलेली नाही. सांगणाऱ्याच्या मुठीत ज्वारीचे पाच दाणे, ऐकणाऱ्याच्या मुठीत पाच दाणे, आणि ऐकणाऱ्यानं दर वाक्याला हुंकार द्यायचा. हुंकार चुकला तर कहाणी पुन्हा पहिल्यापासून. कहाणी अर्धी राहिली तर त्या दिवसाचा उपास सुटत नाही. आता घरात दर आयतवारी रिकामा माणूस कोण मिळणार? कडूबाचा बाप मोटेवर असायचा. मग झुंबरबाई पाच वर्षांच्या कडूला समोर मांडी घालून बसवायची, त्याची मूठ दाण्यांवर मिटवायची आणि सुरू करायची.

पोरगं म्हणजे पारा. पण उपास त्यालाही होता, निदान कहाणी संपेपर्यंत, आणि चुलीवर काय शिजतंय याचा वास नाकात जात असायचा. पहिले काही आयतवार त्यानं खरंच ऐकलं. पुढं त्याच्या ध्यानात आलं की आई दम घ्यायला थांबली की हं म्हटलं तरी भागतं, मधलं ऐकायची गरज नाही. मग डोळे आईच्या तोंडाकडे आणि जीव पेरूच्या झाडाकडे, असा त्याचा नेम सुरू झाला.

झुंबरबाई काही कमी नव्हती. एकदा तिनं सांगता सांगता मधेच घातलं, "मंग त्या सुनेनं सासूले भाजलं अन् मीठ लावून खाल्लं."

"हं," कडू म्हणाला.

झुंबरबाईनं कहाणी पहिल्यापासून सुरू केली. त्या दिवशी मायलेकरं दुपार कलल्यावर जेवली. पुढच्या आयतवारी तिनं सासू विहिरीत टाकली, त्याच्या पुढच्या आयतवारी सासूला शेपूट फुटलं. कडूनं सगळ्याला हं म्हटलं, आणि दर वेळी कहाणी पहिल्यापासून झाली. मग एका आयतवारापासून सासू सुखरूप राहायला लागली. आपण आईला गंडवलं, असं कडूनं मनाशी धरलं आणि मोठ्या अभिमानानं धरलं.

कहाणी संपली की शेवटी झुंबरबाई डोळे मिटून दाण्यांची मूठ कपाळाला लावायची आणि पुटपुटत काहीतरी म्हणायची. त्याला कडू 'मायचा मंतर' म्हणायचा. मंतर सुरू झाला की हुंकारापुरता एक हं मागं टाकून तो हात धुवायला पळालेला असायचा.

असे आयतवार सालोसाल गेले. बाप गेला, मळा कडूच्या अंगावर आला, कडूचा कडूबा झाला, त्याला मिशी आली, बायको आली, पण आयतवारी सकाळी मुठीत पाच दाणे घेऊन आईसमोर बसणं सुटलं नाही. एकदा मायलेक शेगावला दर्शनाला निघाले. वाटेत मेहकरला गाडी बदलायची होती आणि वार होता आयतवार. झुंबरबाईनं तिथंच फलाटावर पदर खोचून बैठक मारली आणि कहाणी सुरू केली. कहाणी अर्ध्यात आली तेव्हा गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा राहिला. "बाई, चला," तो म्हणाला. झुंबरबाईनं हातानंच त्याला थांबवलं. बिचारा खाली उतरला तो तिला उठवायला, आणि दोन वाक्यं ऐकून तिथंच उकिडवा बसला. थोड्या वेळानं कडूबाच्या जोडीला तोही हं म्हणू लागला. गाडी सुटली तेव्हा कंडक्टरच्या डोळ्यांत पाणी होतं. "लय भारी कहाणी आहे हो तुमच्या मायची," तो कडूबाला म्हणाला. कडूबानं त्यालाही हं म्हटलं. काय भारी आहे, हे विचारायची सोय नव्हती.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, आईचा धर्म पोराच्या अंगाला लागलाच नाही. तसं नाही. झुंबरबाईचा सगळा धर्म काही कहाणीत नव्हता. वांगी तोडताना ती सांगायची, झाडाला एक तरी वांगं ठेवावं, झाड आंधळं करू नये. कडूबा ठेवायचा. शेवटच्या पाळीलासुद्धा ठेवायचा, आणि शेजारचे मळेवाले हसायचे. बांधावर आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय काम विचारू नये, हेही तिचंच. आणि कोणी बोलत असलं की उठून जाऊ नये, दाणे मुठीत आहेत असं समजावं. हे कडूबा इतकं पाळायचा की गाऱ्हाणं सांगणारा उठेपर्यंत त्याची डावी मूठ आपोआप मिटलेली असायची.

महाराष्ट्राचं राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, त्या साली झुंबरबाईला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ती उठली नाही. मेहकरच्या डॉक्टरनं औषध दिलं, सुई टोचली, आणि ताप उतरल्यावर कडूबाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता औषधापेक्षा पेज महत्त्वाची. दर दोन-तीन तासांनी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. एक दिवस उपाशी राहिली तर मी हमी देणार नाही." कडूबाच्या पाठीत वच्छलेनं चिमटा काढला होता, त्यामुळे हे त्यानं शब्दन् शब्द ऐकलं.

ताप उतरला शनिवारी. दुसऱ्या दिवशी आयतवार.

तापात तीन आयतवार गेले होते, पण तेव्हा तिला शुद्ध नव्हती आणि वच्छला चमच्यानं पाजत होती. आता शुद्ध आली होती आणि शुद्धीबरोबर हट्टही आला होता. सकाळी वच्छला पेज घेऊन आली तर झुंबरबाईनं तोंड फिरवलं. "आधी कहाणी," ती म्हणाली. तिला अंगणात उन्हाला आणून भिंतीशी टेकवलं. तिनं आपल्या मुठीत पाच दाणे घेतले, कडूबानं आपल्या घेतले.

"एक नगर होतं," झुंबरबाईनं सुरू केलं.

"हं."

"तिथं एक म्हातारी होती. तिले सात सुना होत्या."

"हं."

"तिच्या अंगणात," झुंबरबाई म्हणाली आणि थांबली. कडूबानं हं म्हटलं. तिनं पुन्हा नगरापासून सुरुवात केली आणि पुन्हा अंगणात येऊन थांबली. तिसऱ्यांदा तर म्हातारीपाशीच अडली. ताप जाताना कहाणी घेऊन गेला होता. झुंबरबाईनं लेकाकडे पाहिलं. मोटेचा बैल अंगावर आला तरी मागं न सरलेली बाई, पण त्या वेळी तिच्या तोंडावर भीती होती.

"कडू, पुढं काय रे?"

वच्छलेनं नवऱ्याकडे पाहिलं. ज्याच्यापुढं ती कहाणी हजारावर वेळा सांगून झाली, तो पटक्याच्या शेमल्यानं कपाळ पुसत होता. त्यानं मेंदू खरवडून काढला. जे सापडलं ते सगळं खाण्याचं होतं, कारण तेवढ्याच ठिकाणी त्याचं लक्ष जागं व्हायचं.

"मंग तिनं पुरण घातलं," तो म्हणाला.

"ते लय पुढं आहे. अंगणात काय होतं?"

"अंगणात..." कडूबा म्हणाला, "थांब, आलोच."

तो भिंतीपलीकडच्या अंबूबाईकडे धावला. अंबूबाई जन्माची शेजारीण, तिला ठाऊक असणार. ती म्हणाली, "बावा, माह्यी कहाणी सोमवारची. झुंबरची म्या पुरी कधी ऐकली नाही. भिंतीतून तुया हुंकार तेवढा ऐकू ये. काय जीव लावून हुंकार देते पोरगं, असं वाटे." कडूबाला त्या क्षणी भिंतीत शिरावंसं वाटलं.

परत आला तर वच्छलेनं कुठून तरी छापील कहाण्यांचं पुस्तक मिळवलं होतं आणि ती आयतवारची कहाणी वाचून दाखवत होती. झुंबरबाईनं चार ओळी ऐकून घेतल्या. "ही दुसऱ्याची आहे, बाई," ती म्हणाली. "या कहाणीवर म्या उपास धरला नाही."

ऊन पायरीवरून ओट्यावर चढलं. पेज दोनदा गरम करून झाली. झुंबरबाईची मान मधूनमधून कलायला लागली, पण मूठ घट्ट. कडूबाला डॉक्टरचे शब्द आठवत होते आणि दुसरं काहीच आठवत नव्हतं. एकाच गोष्टीवर आईचा जीव अडला होता, आणि ती गोष्ट त्याच्या कानावरून हजारदा जाऊन एकदाही आत गेली नव्हती. तो आईसमोर मांडी घालून बसला. मिशीवाला, दोन लेकरांचा बाप, मान खाली घालून बसला.

"माय," तो म्हणाला, "म्या तुयी कहाणी कधी ऐकलीच नाही. नुसतं हं म्हणत होतो."

"ठाऊक आहे मले," झुंबरबाई म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"सासूले भाजून खाल्लं तरी तू हं म्हणत होता. तवापासून ठाऊक आहे."

"मंग इतकी वर्षं मले काऊन सांगत होती?"

झुंबरबाईनं दम खाल्ला. "दोन गेले होते माहे. तिसरा घरात ठरे ना. कधी झाडावर, कधी विहिरीच्या काठावर. आयतवारी तेवढा घटकाभर माह्यासमोर बसे. पोटभर पाहून घेत होती मी तुले. ऐकत नव्हता तं नव्हता."

वच्छला पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली. कडूबानं मांडी नीट केली. मग त्यानं विचारलं, "दुसरी कहाणी चालन का?"

"खरी असली पाहिजे. अन् पुरी असली पाहिजे."

कडूबानं मूठ मिटली. "आयक मंग. दुसरबीड नावाचं गाव होतं. तिथं एक बाई होती."

झुंबरबाईनं त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हं."

"तिचे दोन लेकरं देवानं नेले. तिसऱ्याचं तिनं असं नाव ठेवलं का देवानं तोंड वाकडं करून ते मागं ठेवून द्यावं."

"हं."

"तिच्याजवळ ना सोनं, ना रूपं. पाच दाणे होते. ते तिनं पोराच्या मुठीत दिले अन् म्हटलं, बस."

"हं."

कडूबाला आता वाट सापडली. बाप गेल्यावर त्या बाईनं मोट कशी हाणली ते त्यानं सांगितलं. पोराला गोवर निघाला तेव्हा ती नऊ दिवस जमिनीवर निजली, ते सांगितलं. मेहकरच्या कंडक्टरला रडवलं, ते सांगितलं. दर वाक्याला झुंबरबाईचा हं येत होता, पण बारीक होत चालला होता आणि डोळे मिटत होते. आई ऐकते आहे का नुसतं म्हणते आहे? कडूबाला शंका आली. असल्या हुंकाराची पारख त्याच्याहून जास्त कोणाला असणार? त्यानं आवाज तसाच ठेवून म्हटलं, "ती बाई लय गरीब सभावाची होती. तिनं पोरावर कधी हात उचलला नाही."

हं आला नाही.

"माय?"

"खोटं," झुंबरबाई डोळे न उघडता म्हणाली. "शेषरावाच्या मळ्यातले पेरू चोरले तवा चुलीतल्या लाकडानं झोडपलं होतं. कहाणीत खोटं चालत नाही."

"म्हणजे तू आयकून राह्यली."

"मी तुयासारखी नाही. चाल पुढं."

कडूबा हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मग त्यानं उरलेलं सरळ सांगून टाकलं. "त्या पोराले लोकं चांगला म्हणतात. त्याच्यापाशी येऊन बसतात, रडतात, हलके होऊन जातात. पोराले काहीच येत नव्हतं, माय. त्याले फक्त समोरचा उठेपर्यंत बसून राहणं येत होतं. ते त्या बाईनं शिकवलं. झाडाले एक वांगं ठेवणं तिनं शिकवलं. त्या पोरानं तिले हे कधी सांगितलं नाही, आज सांगून राह्यला. झाली कहाणी."

"हं," झुंबरबाई म्हणाली. "शेवट माह्या तोंडून पाहिजे."

तिनं मूठ कपाळाला लावली आणि ओठ हलायला लागले. मायचा मंतर सुरू झाला. कहाणी गेली होती, पण हा मंतर तापालाही नेता आला नव्हता. कडूबाचे पाय सवयीनं उठायला निघाले. पण आज हात धुवायला जायचं मनात नव्हतं. तो वाकला, आईच्या तोंडाशी कान नेला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं तो मंतर ऐकला.

"सूर्यनारायणा, म्हातारीच्या लेकराले राखलं तसं माह्या कडूले राख. त्याच्या ताटात घास राहू दे, त्याच्या पायात काटा मोडू नको देऊ. मी मेल्यावर त्याचं आयकणारं कोणी राहू दे."

कडूबा तसाच वाकून राहिला. "माय, हा मंतर आजचा आहे का?"

"पहिल्या आयतवारापासून हाच आहे. तू हात धुवायले पळत होता."

हजार वेळा त्याचं नाव त्या अंगणात घेतलं गेलं होतं, आणि हजार वेळा तो त्याला पाठ दाखवून ताटाकडे धावला होता.

झुंबरबाईनं थोडी वाट पाहिली. मग एक डोळा उघडला.

"हं म्हण ना रे," ती म्हणाली. "हुंकाराबिगर पुरी होत नाही. भूक लागली मले."

वामनरावांना, शेषरावांना, उडून गेलेल्या गाईला आणि भाजलेल्या सासूलाही कडूबानं हं म्हटलं होतं. तो एवढासा हं आता गळ्याबाहेर येईना. वच्छला पेजेची वाटी घेऊन दारात उभी राहिली. त्यानं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, आणि तिसऱ्यांदा फाटक्या आवाजात म्हणाला, "हं."

झुंबरबाईनं मूठ उघडली. पेजेचा पहिला घोट घेतला आणि मीठ कमी आहे म्हणून सुनेला बोलली.